डीली प्लाझा: रस्त्यावर तपासता येणारं आणि कागदांत अडकलेलं

डॅलसचा डीली प्लाझा पहिल्यांदा पाहणाऱ्याला फारच लहान वाटतो, मलाही वाटला. सहाव्या मजल्याची खिडकी, लाकडी कुंपण, हत्येची चित्रफीत टिपणारे झॅप्रूडर उभे होते तो काँक्रीटचा चौथरा आणि रेल्वेखालचा तिहेरी बोगदा, सगळं एका नजरेत मावतं. २२ नोव्हेंबर १९६३ ला दुपारी साडेबाराला इथे जॉन केनेडींची हत्या झाली; अधिकृत चौकशीनुसार त्या खिडकीतून ली हार्वी ओस्वाल्डने गोळ्या झाडल्या. कुणी केली आणि सीआयएला आधी काय माहीत होतं, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं तो न मिटण्याचं एक मोठं कारण म्हणजे दोन वेगळे प्रश्न आपण एकत्र कालवतो. गोळ्या कुठून आल्या हा पहिला प्रश्न बराचसा इथे पायी फिरून तपासता येतो. मारेकऱ्याबद्दल गुप्तहेर संस्थेने काय दडवलं हा दुसरा. त्याचं उत्तर प्लाझात नाही, कागदांत आहे.

डार्ट या डॅलसच्या शहरी रेल्वेच्या वेस्ट एंड स्थानकावर उतरलात तर प्लाझा चालत काही मिनिटांवर आहे. पण तिथून सरळ एल्म स्ट्रीटने जाऊ नका. एक रस्ता दक्षिणेला सरकून मेन स्ट्रीटवर या आणि पश्चिमेकडे चाला, कारण राष्ट्राध्यक्षांचा ताफा असाच आला होता. मेनवरून उजवीकडे ह्यूस्टन स्ट्रीट, मग डावीकडे एल्म. हे दुसरं वळण काटकोनाहून जास्त, सुमारे १२० अंशांचं आहे. लांबलचक लिंकन गाडीला तिथे जवळजवळ थांबल्यासारखं व्हावं लागलं, आणि एल्मवर आल्यावरही तिचा सरासरी वेग ताशी ११ मैलांच्या आसपास होता. ह्यूस्टनवर गाडी खिडकीच्या दिशेने समोरून येत होती, मग तेव्हाच गोळी का झाडली नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोपऱ्यावर उभं राहिलं की एक उत्तर सुचतं. समोरून येणाऱ्या ताफ्यातल्या प्रत्येकाची नजर त्या इमारतीवर असते. एल्मवर वळल्यावर सगळ्यांची पाठ खिडकीकडे होते आणि लक्ष्य उतारावरून जवळजवळ सरळ रेषेत दूर जातं. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, पण जागेवर तो पटतो.

एल्मच्या मधल्या मार्गिकेत पांढऱ्या रंगाच्या दोन फुल्या दिसतील. त्या अधिकृत नाहीत. २०१३ मध्ये पन्नासाव्या स्मृतिदिनाआधी पालिकेने डांबरीकरणात पुसल्या होत्या, नंतर त्या परत उमटल्या. दुसरी फुली डोक्याला लागलेल्या गोळीची. फोटोसाठी लोक गाड्यांच्या मधल्या फटीत धावत तिथे जातात. ते करू नका, रस्ता चालू आहे आणि गाड्या उतारावरून वेगात येतात. पदपथावरून त्याच रेषेत उभं राहिलं तरी सगळं समजतं. या दुसऱ्या फुलीपासून खिडकीपर्यंतचं अंतर २६५ फूट, म्हणजे साधारण ८१ मीटर, आणि बंदुकीवर चौपट दुर्बीण होती. लांबून ऐकताना अशक्य वाटणारा नेम इथे उभं राहिल्यावर तसा वाटत नाही.

पूर्वी टेक्सस स्कूल बुक डिपॉझिटरी असलेल्या सातमजली इमारतीत १९८९ पासून सिक्स्थ फ्लोअर म्युझियम आहे. तिकिटावर प्रवेशाची वेळ असते, म्हणून आधीच काढा आणि बंद असण्याचे वारही तपासून घ्या. आग्नेय कोपऱ्यातली ती खिडकी काचेआड आहे, तिथे कुणालाच उभं राहता येत नाही. शेजारच्या खिडकीतून पाहा. समोरच्या ओकच्या झाडाकडे मात्र फसू नका. ते साठ वर्षांत वाढलं आहे. तेव्हाही त्याने गाडी काही क्षण झाकली होती. हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या मोजणीनुसार झॅप्रूडर चित्रफितीतल्या १६६ ते २१० या चौकटींदरम्यान खिडकीतून राष्ट्राध्यक्ष दिसत नव्हते.

वादाचं गणित याच चौकटींवर उभं आहे, म्हणून ते नीट समजून घेऊन जा. कॅमेरा सेकंदाला १८.३ चौकटी टिपत होता. ६.५ मिलिमीटरची कार्कानो बंदूक बोल्ट ओढून पुन्हा झाडायला किमान २.३ सेकंद लागतात, म्हणजे सुमारे ४२ चौकटी. डोक्याला गोळी लागली ती ३१३ वी चौकट. केनेडी आणि पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली हे दोघेही त्याआधी, २१० ते २४० च्या पट्ट्यात जखमी झालेले दिसतात. एवढ्या कमी अंतरात एकाच बंदुकीतून दोन वेगळ्या गोळ्या बसवणं अवघड. मग एकतर एकच गोळी दोघांतून गेली, नाहीतर दुसरा नेमबाज होता. ‘जादूची गोळी’ असं त्या एकाच गोळीला हिणवलं जातं, ते बहुतेक वेळा एका चुकीच्या आकृतीवरून. त्या आकृतीत दोघे एकाच उंचीवर, एकामागे एक सरळ बसलेले दाखवतात. प्रत्यक्षात कॉनलींची घडीची बैठक खाली आणि दारापासून आत सरकलेली होती. तसं मांडलं की रेषा सरळ होते. पहिली गोळी १६० व्या चौकटीच्या आसपास झाडली गेली आणि चुकली असं धरलं, तर तीन गोळ्यांना आठ सेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. तो पुरेसा आहे. पार्कलँड रुग्णालयात स्ट्रेचरवर सापडलेली, हीच ती मानली जाणारी गोळी मात्र इतकी कमी विद्रूप का, आणि ती नक्की कुणाच्या स्ट्रेचरवर होती, हे प्रश्न मला आजही पोकळ वाटत नाहीत.

बाहेर आलात की गवताच्या टेकाडावरून कुंपणामागे जा. तिथे वाहनतळ आहे. कुंपणाच्या कोपऱ्यापासून दुसरी फुली शंभर-सव्वाशे फुटांवर, इतकी जवळ की पाहून अंगावर काटा येतो. ३१३ नंतर डोकं मागे आणि डावीकडे झुकतं, म्हणून गोळी इथून आली, असं इथे भेटणारा प्रत्येक जण सांगतो. शवविच्छेदनात जखम मागून शिरल्याची नोंद आहे. पण ते शवविच्छेदनही निर्दोष नव्हतं. ते करणारे डॉ. ह्यूम्स यांनी अहवालाचा आपला पहिला मसुदा जाळला, आणि जतन केलेला मेंदू १९६६ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला नाही. पुरावा सांभाळण्यातला असा हलगर्जीपणा संशयाला कायमचं घर देतो. १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने पोलिसांच्या ध्वनिमुद्रणावरून टेकाडावरून चौथी गोळी झाडली गेल्याची शक्यता ९५ टक्के ठरवली आणि ‘बहुधा कट होता’ असा निष्कर्ष काढला. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पथकाने तो खोडला, कारण त्याच पट्टीवर ऐकू येणारा एक पोलिसी आदेश हत्येनंतर सुमारे मिनिटभराने दिलेला होता. कट होता असा समितीचा हवाला देणाऱ्याला हे पुढचं पान माहीत आहे का, ते जरूर विचारा.

आता ओक क्लिफ, डॅलसचाच नदीपलीकडचा भाग. युनियन स्टेशनवरून बिशप आर्ट्सकडे जाणारी स्ट्रीटकार तुम्हाला नदीपार नेते, तिथून पुढे पायी किंवा टॅक्सीने. नॉर्थ बेकली अव्हेन्यूवर ओस्वाल्डची भाड्याची खोली होती. इथे घड्याळ हातात ठेवा. तो दुपारी एकच्या सुमारास आला आणि तीन-चार मिनिटांत निघाला. टेन्थ आणि पॅटन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांची हत्या सव्वाच्या सुमारास झाली, तिचाही आरोप ओस्वाल्डवरच आहे. अंतर ०.९ मैल. भरभर चाललं तर बारा-तेरा मिनिटांत जमतं, रमतगमत नाही. म्हणजे साक्षीदारांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक पडला तरी गोष्ट एकतर बसते नाहीतर मोडते, आणि वाद नेमका त्या दोन मिनिटांवर चालतो. तिथून टेक्सस थिएटर जवळ आहे. ते अजून चालू चित्रपटगृह आहे. तिथे एक पन्नासला ओस्वाल्डला पकडलं.

मेन आणि हारवूडच्या कोपऱ्यावरची जुनी पालिका इमारत बाहेरूनच पाहा. २४ नोव्हेंबरला सकाळी ११.२१ ला तिच्या तळघरात नाइटक्लब चालवणाऱ्या जॅक रुबीने ओस्वाल्डला गोळी घातली. त्याआधी या इमारतीत त्याची मिळून बारा तासांच्या आसपास चौकशी झाली, आणि तिचं ना ध्वनिमुद्रण आहे ना लघुलेखकाची नोंद.

डॅलसच्या आसपासची बरीच मराठी घरं इर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को या भागांत आहेत. इर्व्हिंगमध्ये नातेवाईक असतील तर तिथलं रूथ पेन यांचं घर चुकवू नका, ते आता पालिकेचं छोटं संग्रहालय आहे. ओस्वाल्डची बायको मरीना मुलांसह तिथे राहत होती आणि बंदूक गॅरेजमध्ये कांबळ्यात गुंडाळलेली होती. आदल्या रात्री ओस्वाल्ड तिथेच झोपला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एफबीआयचा जेम्स हॉस्टी याच घरी चौकशीला आला होता. ओस्वाल्डने त्यावर चिडून हॉस्टीसाठी डॅलसच्या कचेरीत चिठ्ठी ठेवली. ओस्वाल्ड मेल्यावर वरिष्ठांच्या सांगण्यावरून ती आपण फाडून शौचालयात टाकली, असं हॉस्टीने १९७५ मध्ये सांगितलं. वॉरन आयोगाला तिचा पत्ताच नव्हता.

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि माझ्या मते खरा जिवंत प्रश्न हाच आहे. सप्टेंबर १९६३ च्या अखेरीस ओस्वाल्ड मेक्सिको सिटीत क्युबाच्या वाणिज्य दूतावासात आणि सोव्हिएत दूतावासात गेला. तिथले फोन सीआयए ऐकत होती, दारांवर कॅमेरे होते. १ ऑक्टोबरला स्वतःला ओस्वाल्ड म्हणवणाऱ्याने सोव्हिएत दूतावासात फोन केला. सीआयएच्या तिथल्या कार्यालयाने ८ ऑक्टोबरला मुख्यालयाला तार केली, पण वर्णन दिलं पस्तिशीच्या, सहा फूट उंच माणसाचं. ओस्वाल्ड तेव्हा तेवीस वर्षांचा होता, उंची पाच फूट नऊ इंच. १० ऑक्टोबरला मुख्यालयाने उत्तर दिलं की त्याच्याबद्दलची ताजी माहिती मे १९६२ ची आहे. ते खरं नव्हतं. न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच्या अटकेचे एफबीआयचे अहवाल मुख्यालयात पोहोचलेले होते. त्या तारेला मंजुरी देणाऱ्यांपैकी जेन रोमन यांनी १९९४ मध्ये मान्य केलं की खरी नसलेली गोष्ट आपण मंजूर करत होतो.

ती अटक झाली होती ९ ऑगस्टला, कॅस्ट्रोविरोधी विद्यार्थी संघटनेच्या माणसाशी झालेल्या भांडणातून. संघटनेला पैसा सीआयएचा. मायामीतून ती सांभाळणारा अधिकारी जॉर्ज जोआनिडीस. १९७८ मध्ये प्रतिनिधिगृहाची समिती याच प्रकरणाचा तपास करत असताना सीआयएने तिच्याशी संपर्कासाठी नेमला तोही जोआनिडीसच, आणि त्याची १९६३ मधली भूमिका समितीला सांगितली नाही. समितीचे मुख्य वकील रॉबर्ट ब्लेकी यांना हे वीसेक वर्षांनी कळलं, तेव्हा सीआयएच्या सहकार्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. वॉरन आयोगातही ॲलन डलेस बसले होते, केनेडींनी ज्यांना सीआयएच्या प्रमुखपदावरून जायला लावलं ते. कॅस्ट्रोला मारण्याचे सीआयएचे कट त्यांनी आयोगासमोर काढलेच नाहीत. ते जाहीर झाले १९७५ मध्ये, सिनेटर फ्रँक चर्च यांच्या सिनेट समितीत, म्हणजे ‘चर्च समिती’त.

याचा अर्थ सीआयएने केनेडींना मारलं असा होतो का? माझ्या मते नाही, तसा एकही कागद पुढे आलेला नाही. पण ‘लपवलं ते फक्त अब्रू वाचवायला’ हे उत्तरही मला पुरत नाही. ओस्वाल्डवर किती बारकाईने नजर होती आणि कुणाची, हे सांगू शकणारी माणसं गप्प राहिली, आता ती हयात नाहीत. ज्या राजवटीत नागरिकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या समितीलाच फसवलं जातं, तिथे संशय घेणाऱ्याला वेडा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

१९९२ च्या कायद्याने कागद खुले होऊ लागले, मार्च २०२५ मध्ये आणखी हजारो पानं काळी पट्टी काढून आली. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत, फक्त वाचायची पद्धत माहीत हवी. प्रत्येक कागदाच्या पहिल्या पानावर नोंद क्रमांक असतो. सुरुवातीचे तीन आकडे संस्था सांगतात: १०४ म्हणजे सीआयए, १२४ म्हणजे एफबीआय, १८० म्हणजे प्रतिनिधिगृहाची समिती, १५७ म्हणजे चर्च समिती. मग सांकेतिक नावं. ‘कुबार्क’ ही खुद्द सीआयए, ‘ओडेन्व्ही’ एफबीआय, ‘अ‍ॅमस्पेल’ ती विद्यार्थी संघटना, ‘लिएनव्हॉय’ मेक्सिकोतली फोनटेहळणी. एकाच कागदाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या वर्षी सुटल्या आहेत, त्यामुळे ‘नवं उघडकीस आलं’ म्हणून फिरणारं पान आधीच्या प्रतीशी ताडून पाहा. बहुतेकदा फरक एखाद्या नावाचा किंवा गावाचा निघतो. सुरुवात ८ आणि १० ऑक्टोबरच्या त्या दोन तारांपासून करा. छोट्या आहेत, आणि त्या शेजारी ठेवून वाचल्या की मेक्सिकोवरचे बाकीचे कागद कुठे बसवायचे ते कळतं.