पालथा पत्ता

मधे बदामची छक्की उघडी पडली होती. मी आधी हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं, मग दाजींच्या चेहऱ्याकडे. दाजी डावी भुवई खाजवत होते. ते अशी भुवई खाजवतात तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी मोठं शिजत असतं, हा माझा अनेक वर्षांचा अभ्यास. म्हणून मी राजा पालथा टाकला.

"एक, दोन, तीन!"

दाजींची दुर्री. भाचीचा एक्का. आणि माझा राजा, त्या दोघांच्या मधे, भलत्याच समारंभाला फेटा बांधून आल्यासारखा.

"मामा, छक्कीसाठी राजा?" भाचीने विचारलं. आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता, खरं कुतूहल होतं. तेच जास्त लागलं. तिर्रीनं भागलं असतं. दाजींच्या भुवईला नुसती खाज सुटली होती.

खेळ इतका सोपा आहे की सांगायला लागतो त्याहून कमी वेळ शिकायला लागतो. पत्त्यांच्या एका कॅटातले चार रंग वेगळे करायचे. बदाम पिसून मधे पालथे ठेवायचे, ते बक्षीस. बाकीचे तीन रंग तीन भिडूंना. एक्का म्हणजे एक गुण, राजा म्हणजे तेरा. मधला एक पत्ता उघडायचा, प्रत्येकाने आपली बोली म्हणून एक पत्ता पालथा टाकायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचे. मोठ्या पत्त्याचं बक्षीस. हरलात तरी टाकलेला पत्ता परत मिळत नाही, आणि खेळाची सगळी गंमत (आणि माझी सगळी हळहळ) या एका नियमात आहे. राजासमोर राणी टाकून हरण्याचं दुःख एक्का टाकून हरलेल्याला कधी कळायचं नाही. तेरा हात झाले की डाव संपला. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

यात एक मोठी गैरसोय आहे. रमीत हरलो की 'पानंच वाईट आली' म्हणता येतं. मी आयुष्यभर म्हणत आलोय. इथे प्रत्येकाच्या हातात तेच तेरा पत्ते असतात, एक्क्यापासून राजापर्यंत. नशिबाला बोल लावायचा तर बदाम कुठल्या क्रमाने उघडले याबद्दल थोडी कुरकुर करता येते, पण तो क्रमही सगळ्यांना सारखाच. त्यामुळे झालेला मूर्खपणा सगळाच्या सगळा स्वतःच्या नावावर चढतो.

या खेळाला गूफस्पील म्हणतात. मेरिल फ्लड नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने १९३०च्या दशकात तो गणितींच्या वर्तुळात नेला असं सांगतात. पुढे १९५० साली, एकमेकांवर भरवसा ठेवावा की दगा द्यावा, या कोड्याचा मूळ प्रयोग एका सहकाऱ्याबरोबर करणारा फ्लड हाच. म्हणजे माझ्या घरातले पत्त्यांचे डाव त्याच्या नजरेस पडले असते तर त्याला नवल वाटलं नसतं.

शेल्डन रॉस या गणितज्ञाने १९७१ साली या खेळाबद्दल एक छान गोष्ट सिद्ध केली. समोरचा जर डोळे मिटून वाट्टेल तो पत्ता टाकत असेल, तर आपण बक्षिसाच्या किमतीचाच पत्ता टाकावा, सत्तीला सत्ती, राणीला राणी. हे वाचून मला भाचीच आठवली. ती विचार करताना कधी दिसतच नाही. पत्ता उघडला की अर्ध्या क्षणात तिचा पत्ता खाली. एका दुपारी दाजी झोपले होते तेव्हा आम्ही दोघंच खेळलो आणि मी रॉससाहेबांचं ऐकलं. दोन डाव सहज जिंकले. विद्येचा उपयोग झाल्याचं समाधान काही औरच असतं.

तिसऱ्या डावात पहिलीच पंजी निघाली. मी पंजी टाकली, तिने छक्की. मग अठ्ठी निघाली, तिची नव्वी. गुलामाला राणी. राणीला राजा. बदामचा राजा निघाला तेव्हा मी माझा राजा टाकला आणि तिने एक्का. तेरा हातांत मला एवढा एकच मिळाला. माझे गुण १३, तिचे ७८. "मामा, तू सत्तीला सत्तीच टाकतोस," ती पत्ते गोळा करता करता म्हणाली. जणू माझ्या सदऱ्याचं बटण उघडं आहे हे सांगावं, तशी.

दोघांतल्या या खेळाचं पूर्ण उत्तर संगणकाने २०१२ साली काढलं. पण उत्तर म्हणून एकेक ठरलेला पत्ता मिळत नाही. कुठला पत्ता किती वेळा टाकावा याची प्रमाणं मिळतात, बाकी फाशांच्या हवाली. ते साहजिकच आहे. तुमचं काहीही ठरलेलं असलं आणि ते समोरच्याला कळलं, की तो एकाने वरचा पत्ता टाकून मोकळा. मला डोक्यात फासे टाकता येत नाहीत. भाचीला बहुधा येतात.

आम्ही बरोबरीचा नियम उसना घेतलाय. अलेक्स रँडॉल्फ यांचा याच कल्पनेवरचा एक जर्मन खेळ १९८८ साली आला, त्याच्या नावातच गिधाड आहे. त्यातले उणे गुणांचे पत्ते, म्हणजे गिधाडं, सगळ्यात लहान पत्ता टाकणाऱ्याच्या गळ्यात पडतात. त्यातला दुसरा नियम आम्हाला फार आवडला: दोघांनी सारखाच मोठा पत्ता टाकला तर दोघंही बाद, बक्षीस तिसऱ्याला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, अगदी अक्षरशः. नव्वीवर मी आणि दाजी दोघेही दश्शी टाकतो आणि भाची तिर्रीवर नव्वी उचलून नेते. हे एकदा झालं तर योगायोग. पण एका डावात चार वेळा झालं. दाजींचं आणि माझं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही, साध्या पंख्याच्या वेगावरही नाही. आणि पत्ते उलटले की दोन दश्श्या एकमेकींकडे बघत असतात. दाजी माझ्याकडे बघतात, मी दाजींकडे बघतो, आणि आम्ही दोघंही पटकन दुसरीकडे बघतो.

डावाच्या शेवटी प्रत्येकाच्या हातात एकच पत्ता उरतो. टाकलेले बारा समोर उघडे पडलेले असतात, त्यामुळे तेरावा कोणाकडे कोणता आहे हे मोजणाऱ्याला कळतं. मधला बदामचा पत्ताही ओळखता येतो. लपवण्यासारखं काही उरत नाही. मी आपला पत्ता सरळ उघडाच टाकायला जातो.

"मामा, पालथा!"

ती तिचा पत्ता पालथा ठेवते, वर तळहात दाबून धरते, दाजींनी भुवई खाजवायचं थांबवेपर्यंत वाट बघते, आणि मग मोजायला सुरुवात करते.