‘अकरा वाजता’ सुटणारी बस : इथिओपियातील पहिले दहा दिवस

ऑक्टोबर 2019 मध्ये मी आणि माझी मैत्रीण इथिओपियाला गेलो, ते सिमियन पर्वतातील पदभ्रमणासाठी. डोंगर चढण्याची तयारी पूर्ण होती, बूट व थंडीचे कपडे बरोबर होते, आणि चालण्याचे ते चार दिवस कोणत्याही विशेष अडचणीविना पार पडले. त्यामुळे त्या दिवसांबद्दल मी फारसे लिहिणार नाही. आम्हाला जेरीस आणले ते घड्याळाने. त्याबद्दल आम्हाला आधी कोणीही सावध केले नव्हते, म्हणून हा वृत्तांत.

राजधानी अदिस अबाबाहून सिमियनच्या वाटेवरील गोंदार शहराला जाणाऱ्या बसचे तिकीट आम्ही आदल्या दिवशी काढले. तिकिटावर तारीख होती 3-2-2012. सात वर्षांपूर्वीचे तिकीट आपल्या माथी मारले जात आहे, अशी आमची खात्री पटली आणि आम्ही खिडकीवर आवाज चढवून भांडलो. आतल्या माणसाने शांतपणे भिंतीवरचे कॅलेंडर काढून दाखवले. इथिओपियाचे वर्ष आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे असते, ते सप्टेंबरमध्ये सुरू होते, आणि त्यात तीस-तीस दिवसांचे बारा महिने व पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असतो. दुसऱ्या महिन्याचा, म्हणजे तिकिम्तचा, तिसरा दिवस म्हणजे 14 ऑक्टोबर. शालिवाहन शक 78 वर्षे मागे असतो हे लहानपणापासून ठाऊक असलेल्या आम्हा दोघींना हे सुचायला हवे होते. आम्ही माफी मागितली. तारखेचा उलगडा झाल्याच्या आनंदात तिकिटावरील दुसऱ्या आकड्याबद्दल, म्हणजे 11 या वेळेबद्दल, विचारायचे मात्र राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही मेस्केल चौकात पोचलो. बस पहाटे पाचला निघून गेली होती.

तेथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपल्या पद्धतीच्या सकाळच्या सातला तेथे एक वाजतो, दुपारी बाराला सहा वाजतात, संध्याकाळी सहाला बारा वाजतात आणि तेथून रात्रीचे तास पुन्हा एकपासून सुरू होतात. या हिशेबाने रात्रीचे अकरा म्हणजे आपली पहाटेची पाचची वेळ. विषुववृत्ताच्या जवळच्या या देशात सूर्य वर्षभर जवळपास त्याच वेळी उगवत असल्यामुळे ही पद्धत तेथे अत्यंत सोयीची आहे. पंचांगातील वारही सूर्योदयालाच बदलतो, त्यामुळे त्यामागील तर्क आपल्याला अपरिचित नाही. अपरिचित असते ती एवढीच शक्यता, की समोरचा माणूस ‘अकरा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वेगळेच अकरा असतील.

आता त्या दिवसाविषयी. बस चुकलेल्या परदेशी माणसाला शोधून काढणारे लोक त्या चौकात असतात. अम्हारिक भाषेत त्यांना ‘देलाला’ म्हणतात आणि हा शब्द आपल्या दलालाचाच भाऊबंद आहे. अशाच एकाने आम्हाला एका व्हॅनमध्ये बसवले, प्रत्येकी भाडे घेतले आणि छपरावर टाकलेल्या सामानाचे निराळे पैसे घेतले. शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाने पुढे आम्हाला स्वतःचे भाडे सांगितले. आम्ही त्याच्या तिप्पट दिले होते, आणि सामानाचे पैसे तर त्याच्याकडून मागितलेही नव्हते. बिर्रमधील, म्हणजे तेथील चलनातील, आकडे येथे देण्यात अर्थ नाही, कारण जुलै 2024 मध्ये तेथील सरकारने बिर्रचा दर बाजारावर सोडल्यानंतर त्याची किंमत फार घसरली. नियम मात्र कायम आहे. पैसे देण्याआधी दलालाला नव्हे, तर आत बसलेल्या प्रवाशाला विचारावे, तेही सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. खोटे सांगणारा एकही सहप्रवासी आम्हाला त्या दहा दिवसांत भेटला नाही.

व्हॅन भरेपर्यंत दोन तास गेले. पुढचा प्रवास माझ्या आयुष्यातील सर्वांत वाईट प्रवासांपैकी एक आहे. तेथे धावत्या गाडीची खिडकी उघडत नाहीत. वाऱ्याने माणूस आजारी पडतो, असा तेथे पक्का समज आहे. मी खिडकी चार बोटे सरकवली, तशी मागच्या बाईंनी ती काही न बोलता बंद केली. पुन्हा उघडली, तर तीन हात एकदम पुढे आले. अदिसपासून सुमारे 200 किलोमीटरवर रस्ता अबाय नदीच्या, म्हणजे नील नाईलच्या, दरीत हजार मीटरहून अधिक खाली उतरतो, जपानच्या मदतीने बांधलेला 2008 मधील पूल ओलांडतो आणि तितकाच वर चढतो. ती सगळी वळणे आम्ही बंद काचांमागे, दुपारच्या उकाड्यात, दोन मुलांच्या उलट्यांच्या वासात काढली. त्या वेळी मला त्या देशाचा, तेथील माणसांचा आणि स्वतःच्या निर्णयाचा मनस्वी राग आला होता आणि परत जाण्याचे विमान शोधावे असे मी मैत्रिणीला दोनदा सांगितले. दरी संपल्यावर त्याच मागच्या बाईंनी स्वतःच्या पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात ठेवले. वारा बाधेल या काळजीने कान बांधणारी आजी आपल्याही घरात असतेच. मला ती आठवण त्या उतारावर व्हायला हवी होती.

मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1960 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात परक्या संस्कृतीच्या धक्क्याचे टप्पे सांगितले आहेत. त्यांत पहिला टप्पा नवलाईचा आणि दुसरा वैतागाचा. थोड्या दिवसांच्या प्रवाशाने या क्रमावर विसंबू नये. आमच्या वाट्याला नवलाई आलीच नाही, आम्ही थेट वैतागापासून सुरुवात केली. अदिस अबाबा 2300 मीटरहून अधिक उंचीवर आहे. पहिल्या दोन रात्री झोप नीट लागत नाही, डोके दुखते, आणि अशा अवस्थेत प्रत्येक लहान गोष्ट अपमानासारखी वाटते. म्हणून उतरल्यावर पूर्ण दोन दिवस कोणतेही तिकीट, कोणताही सौदा ठरवू नये. हा सल्ला आम्ही पाळला असता, तर तिकीट खिडकीवरचे भांडण झाले नसते.

गोंदारला पोचल्यावर मी हातातले घड्याळ सहा तास मागे केले आणि फोन आपल्या वेळेवर ठेवला. माझ्या मते धक्क्यावरचा खरा इलाज तो एवढाच होता. मनात दर वेळी सहा मिळवत किंवा वजा करत बसले, की दमलेल्या मेंदूकडून चूक होतेच. उलट घड्याळच तेथील झाले, की दोन दिवसांत सवय होते आणि आपण पाहुणे म्हणून नव्हे, तर तेथल्या दिवसात वावरू लागतो. तरीही कोणतीही वेळ ठरवताना ‘हबेशा की फरंजी?’ असे विचारावेच. हबेशा म्हणजे तेथले, फरंजी म्हणजे परदेशी. आपल्या फिरंगी शब्दाचेच हे रूप, आणि रस्त्यावरची मुले ते आपल्यामागे ओरडत येतात तेव्हा आधी चमत्कारिक वाटते. त्यात द्वेष नसतो, त्यामुळे थांबून नाव सांगावे. वयस्क माणसे ‘हिंद’ ऐकताच थांबतात, कारण सम्राट हैले सेलासी यांच्या काळात असंख्य भारतीय शिक्षक तेथील शाळांत शिकवत होते. सिमियनजवळच्या डेबार्क गावात एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या गणिताच्या भारतीय मास्तरांची चौकशी आमच्याजवळ अशी केली, जणू ते आमच्या शेजारीच राहत असावेत.

होकाराचेही असेच. अनेक जण ‘हो’ म्हणताना शब्द उच्चारत नाहीत, तर तोंडाने झटक्यात श्वास आत घेतात. आम्ही वाट विचारली की समोरची बाई दचकल्यासारखी करी, आणि पुढे काही तरी धोका आहे असे समजून आम्ही एकदा अर्धा तास उलट चालत आलो. तो श्वास म्हणजे संमती, हे आमच्या वाटाड्याने सांगेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता.

जेवणाबाबत शाकाहारी माणसाने घाबरू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात आणि खाणावळीत डाळी व भाज्यांनी भरलेले ताट मिळते. इतर दिवशी ‘त्सोम’ म्हणजे उपासाचे मागावे आणि काहीच नसेल तर शिरो मागावा. ते जवळजवळ आपले पिठलेच आहे. इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा तेथील मोठा घावन, पहिल्या घासाला आंबट लागतो, तिसऱ्या दिवशी आवडू लागतो. अवघड जाते ते उष्ट्याचे. सगळे एकाच ताटात जेवतात, आणि प्रेमाने स्वतःच्या हाताने घास भरवतात. त्याला गुर्शा म्हणतात. मी पहिला गुर्शा नाकारला आणि यजमानीणबाईंचा चेहरा पडलेला पाहिला. तो मला आजही बोचतो. नाकारू नका. कॉफीलाही बसलात तर ‘अबोल’, ‘तोना’ आणि ‘बरका’ या नावांचे तिन्ही पेले होईपर्यंत उठू नका. त्याला तासाहून अधिक वेळ लागतो, तेव्हा त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये.

सिमियनसाठी एवढेच सांगते : डेबार्क येथील उद्यानाच्या कार्यालयात स्वतः जाऊन शुल्क भरावे, बंदूकधारी रक्षक तेथेच मिळतो आणि तो घेणे बंधनकारक आहे. गोंदारमध्ये सर्वसमावेशक म्हणून विकली जाणारी सहल आम्ही घेतली नाही आणि ते योग्य ठरले. बहिर दार आणि ताना सरोवरावरचे दोन दिवस सुखाचे गेले.

सर्वांत महत्त्वाची सूचना आजच्या परिस्थितीची आहे. हा सर्व मार्ग अम्हारा प्रांतातून जातो आणि तेथे ऑगस्ट 2023 पासून लष्कर व स्थानिक सशस्त्र गटांत लढाई पेटली. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्यावाचून आणि तेथील कोणाशी बोलल्यावाचून जाऊ नये, आणि रस्त्याने तर मुळीच जाऊ नये.

परतीच्या विमानाच्या तिकिटावरील वेळ आपल्या घड्याळाची असते, पण विमानतळावर नेणारा गाडीवाला कदाचित हबेशा वेळेने चालत असेल. रात्री आठला निघायचे असल्यास त्याला ‘रात्रीचे दोन, हबेशा’ असे सांगावे आणि त्याच्याकडून ते परत वदवून घ्यावे. आम्ही तसेच केले. आठला पाच मिनिटे असताना गाडी दारात उभी होती.