'तगो', 'टेक' आणि 'घे'

खडेबाजारात कन्नड दुकानदार गिऱ्हाइकापुढं माल सरकवत 'तगो री' म्हणतो. इंग्रजीत तेच सांगायचं तर 'टेक'. त आणि ट, मग ग आणि क, अर्थही तोच. त्यामुळे बेळगावात हा शोध दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी नव्यानं लागतो: इंग्रजांनी 'टेक' कन्नडमधून उचलला! ऐकायला झकास, पण खरं नाही. 'टेक'ची खरी कुळकथा मात्र सीमाभागातल्या माणसाला जवळची वाटेल अशीच आहे.

आधी 'तगो'चं बघू. हा बोलण्यात झिजलेला शब्द आहे. पूर्ण रूप 'तेगेदुकोळ्ळु'. त्यात दोन क्रियापदं आहेत: 'तेगे' म्हणजे काढणे आणि 'कोळ्ळु' म्हणजे स्वतःसाठी घेणे. म्हणजे 'तगो'तला 'गो' हा दुसऱ्याच क्रियापदाचा उरलेला तुकडा. 'टेक'मधला क मुळातच धातूचा आहे. वरवर सारखे दिसणारे दोन शब्द असे उसवून बघितले की निम्मे शोध तिथंच संपतात. (आपल्या 'टेकणे'शीही त्याचा संबंध नाही. तिथं हात टेकलेलेच बरे.)

'टेक' हा मुळात इंग्रजीही नाही. तो उत्तरेकडच्या व्हायकिंगांचा. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'टाका' म्हणजे घेणे. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता 'निमन', जर्मनमधल्या 'नेमन'चा सख्खा भाऊ. नवव्या शतकात डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात आले, लढले आणि तिथंच शेती करून राहिले. ८७८ साली राजा आल्फ्रेडनं त्यांना हरवलं, तरी पुढच्या तहात त्या पट्ट्यावरचा त्यांचा अंमल मान्य करावा लागला. त्या मुलखाला 'डेनलॉ' म्हणतात. तिथं एकाच गावात दोन भाषा नांदल्या, सोयरिकी झाल्या, बाजार भरले. दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या, त्यामुळे शब्द उचलणं सोपं गेलं. मराठी-कन्नडचं तसं नाही. आपली कुळं वेगळी, तरी तूप, अण्णा, अक्का आपल्याकडे कन्नडातून आलेच.

पण उसनवारीत बहुतेक नामंच येतात. क्रियापद, तेही 'घेणे'सारखं दिवसातून शंभरदा लागणारं, शेजाऱ्याकडून येऊन घरच्या शब्दाला बाहेर काढतं, हे क्वचित घडतं. इंग्रजीत ते घडलं. 'गेट', 'कॉल', 'हिट', 'वाँट' हेही त्याच वाटेनं आले, आणि 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंसुद्धा. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'टेक' इंग्रजी लिखाणात दिसू लागतो आणि मध्ययुग संपेपर्यंत 'निमन'ला हुसकावून बसतो. पुढं 'निम' उरला तो चोरी करण्याच्या अर्थानं. आपल्याकडे 'उचलणे'चं झालं तसंच.

तरी 'निमन' पुरता मेला नाही. त्याचं भूतकालवाचक विशेषण 'नुमेन', म्हणजे 'घेतलेला, पकडलेला'. त्यातून आजचा 'नम' आला: थंडीनं किंवा इंजेक्शननं पकडलेला, म्हणून बधिर. त्याच्या शेवटी लिहायचा आणि न उच्चारायचा 'बी' नंतर चिकटवलेला आहे. स्पेलिंगमध्ये पोरं तो विसरतात ते इतिहासाला धरूनच आहे म्हणायचं. 'निंबल' म्हणजे चपळ, मुळात 'चटकन पकडणारा'. आणि 'मिस्टेक'? तोही नॉर्सच. 'मिस्टाका' म्हणजे चुकीचं घेणे. म्हणूनच त्याची रूपं 'मिस्टुक, मिस्टेकन' अशी 'टेक, टुक, टेकन'च्या पावलावर चालतात. हा धागा धरला तर 'टेक्ड' लिहिण्याची चूक होत नाही. नॉर्समध्येही 'टाका'चा भूतकाळ 'टोक' होता. पाहुणा आला तो आपला स्वरबदल सोबत घेऊनच.

अशा मिसळणीत गोंधळ होतोच. इंग्लंडचा पहिला छापखानेवाला कॅक्स्टन यानं १४९० च्या एका प्रस्तावनेत एक किस्सा दिलाय. थेम्समधून निघालेल्या जहाजावरचे व्यापारी वाटेत किनाऱ्यावर उतरले. एकानं एका बाईकडे 'एगिस' मागितली, हा अंड्यांसाठीचा नॉर्स वळणाचा शब्द. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्या कुणी तरी 'आयरेन' हा जुना इंग्रजी शब्द वापरला, तेव्हा तिला कळलं. निपाणी-चिकोडीच्या बाजारात उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आपल्या 'घेणे'चा इंग्रजीतला खरा नातेवाईक कोण? 'ग्रॅब'. 'घेणे' हे संस्कृत 'ग्रह्'कडून प्राकृतमार्गे आलं. प्राकृतातलं 'घेऊण' आणि आजचं 'घेऊन' यात फार अंतर नाही. 'ग्रह्'चं वैदिक रूप 'गृभ्'. संस्कृत भ च्या जागी इंग्रजीत ब येतो, हे 'भ्रातृ' आणि 'ब्रदर' यांत दिसतं. सुरुवातीला मूळचा घ होता, पण एकाच धातूत दोन महाप्राण (घ, भ अशी ह मिसळलेली व्यंजनं) संस्कृतला चालत नाहीत, म्हणून पहिल्याचा ग झाला. हिशेब जुळतो, म्हणून अभ्यासक दोन्ही शब्द एकाच मुळाशी नेतात. नातं ठरतं ते अशा नियमित अदलाबदलीवर. कानाला सारखं लागलं एवढ्यावर सोयरीक जमवायची नसते.

आता अर्थ. 'टेक'च्या मुळाशी 'हात लावणे' आहे. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये याच घराण्यातला 'टेकन' स्पर्श करण्यासाठी येतो. आधी हात लावणे, मग धरणे, घेणे, नेणे, आणि शेवटी मनानं घेणे म्हणजे समजणे. ही साखळी लक्षात ठेवली की शब्दकोशातले डझनावारी अर्थ पाठ करावे लागत नाहीत. मराठीनं मात्र हे काम पाच-सहा क्रियापदांत वाटून दिलंय. औषध आणि शपथ घेतो, फोटो काढतो, बस पकडतो, पाहुण्याला घरी नेतो, कलम जीव धरतं, वेळ लागतो. इंग्रजीत या सगळ्याला एक 'टेक' पुरतो. पोरगी आईच्या वळणावर गेली तर 'टेक आफ्टर', एखाद्याला गंडवलं तर 'टेक इन', विमान उडालं किंवा चप्पल काढली तर 'टेक ऑफ'.

मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) जाणारी पोरं अडखळतात ती ठरावीक जागी. पहिली जागा परीक्षेची. आपण परीक्षा देतो आणि सर घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं: विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतो. 'आय गेव्ह द एक्झाम' असं पोरानं लिहिलं तर परक्या वाचकाला तोच मास्तर वाटेल. भारतात सगळ्यांना कळतं, हे खरं. पण अर्जात किंवा मुलाखतीत 'टुक'च म्हणावं.

दुसरी वेळेची. 'निपाणीला जायला दीड तास लागतो' यात मराठीला वेगळा कर्ता शोधावा लागत नाही, तासच कर्ता होतो. इंग्रजीत पुढं 'इट' लागतोच: 'इट टेक्स'. आणि कायमची गोष्ट असल्यानं साधा वर्तमानकाळ. 'इट इज टेकिंग' म्हटलं तर आजच, या क्षणी, वाटेत अडकून उशीर होतोय असं ऐकू येतं.

तिसरी 'नेणे-आणणे'ची. बोलणाऱ्याकडून दूर जातं तेव्हा 'टेक', बोलणाऱ्याकडे येतं तेव्हा 'ब्रिंग'. मराठीतलं 'घेऊन जा' आणि 'घेऊन ये' मनात म्हणून बघितलं की बहुतेक वेळा बरोबर येतं. एक अपवाद आहे. फोनवर 'येताना कुंदा घेऊन येतो' असं म्हणताना ऐकणाऱ्याकडे जाणं असतं, तिथं इंग्रजीतही 'ब्रिंग'च. जेवणाचंही एक आहे: औषध 'टेक', जेवण 'हॅव'. 'टेक फूड' ऐकलं की दवाखान्याची आठवण होते.

शेवटी एक गंमत. फोनवर कुणाला पत्ता सांगताना आपण 'लिहून घे' म्हणतो. कन्नडमध्ये 'बरको', त्यात 'बरे' म्हणजे लिहिणे आणि 'को' म्हणजे तोच 'तगो'मधला 'गो'. इंग्रजीत 'टेक डाउन'. लिहिण्याच्या कामात तिन्ही भाषांनी 'घेणे' आणलं. मराठी-कन्नडनं ते एकमेकांचं ऐकून केलं असेलही, पण इंग्रजीनं आपल्या वाटेनं.