गळणारा केस आणि बारीक होणारा केस

तीन वर्षांपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांनी माझ्या डोक्याच्या भोवऱ्याजवळ डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे उपकरण, टेकवला, तेव्हा पडद्यावर एका जाड, काळ्याभोर केसाशेजारी तीन-चार केस इतके बारीक आणि फिकट दिसले की त्यांना लवच म्हणावे लागले असते. मग त्यांनी तेच उपकरण डोक्याच्या मागच्या बाजूला धरले. तिथले केस बहुतेक सारख्या जाडीचे होते. तोपर्यंत मी रोज उशीवरचे आणि कंगव्यातले केस मोजून धास्तावत होतो. पण दिवसाला 50 ते 100 केस कोणाचेही गळतात. पुरुषी टक्कल पडताना खरा प्रश्न असतो तो गळलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येण्याचा.

याचे कारण डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच डीएचटी, हे संप्रेरक. फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार करते, आणि आनुवंशिकतेने ज्यांची कपाळावरची व भोवऱ्याजवळची केशमुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांच्या केसांचा एरवी काही वर्षे चालणारा वाढीचा काळ दर चक्रागणिक कमी होत जातो. मागच्या बाजूची मुळे मात्र या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत. डॉमिनिकन प्रजासत्ताकात हे विकर जन्मतःच पुरेसे नसलेल्या काही पुरुषांचा अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती आणि त्यांना टक्कलही पडत नव्हते. या विकराला रोखणारे फिनास्टेराइड 1992 मध्ये अमेरिकेत प्रथम प्रोस्टेटच्या वाढीसाठी 5 मिलिग्रॅमच्या मात्रेत मंजूर झाले, आणि 1997 मध्ये टकलासाठी 1 मिलिग्रॅमच्या गोळीला मान्यता मिळाली. निसर्गातच दिसलेल्या एका गोष्टीवरून औषधाची दिशा सापडावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मिनॉक्सिडिलची गोष्ट वेगळी आहे. ते मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढू लागल्याने ते डोक्याला लावून पाहण्याचा विचार पुढे आला आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याच्या 2 टक्क्यांच्या द्रावणाला परवानगी मिळाली. ते डीएचटीला हात लावत नाही, तर केसाला वाढीच्या अवस्थेत लवकर आणते आणि तिथे जास्त काळ टिकवते. मी 5 टक्क्यांचे द्रावण सकाळ-संध्याकाळ 1 मिलिलिटर लावतो. केसांत भांग पाडत ड्रॉपरचे टोक थेट कातडीपर्यंत न्यावे लागते, नाहीतर औषध केसांनाच लागून वाया जाते. सहाव्या आठवड्यात माझे केस पूर्वीपेक्षा जास्त गळू लागले, आणि हे औषध मी त्या वेळी जवळजवळ बंदच केले होते. विश्रांतीच्या अवस्थेतले जुने केस नव्या केसांना जागा देण्यासाठी एकदमच सुटतात, म्हणून सुरुवातीला असे होऊ शकते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर ते दोन महिने इतके जड गेले नसते. म्हणूनच इथे ते मुद्दाम लिहीत आहे.

फिनास्टेराइड मी पुरेसा विचार करूनच सुरू केले, आणि इतरांनीही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय ते घेऊ नये असे मला कळकळीने वाटते. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्या 3.8 टक्के, तर नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्या 2.1 टक्के पुरुषांनी नोंदवल्या होत्या. हा फरक लहान असला, तरी ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी तो लहान नसतो. औषध थांबवल्यावरही तक्रारी राहिल्याच्या आणि नैराश्य आल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय या गोळीने प्रोस्टेटच्या तपासणीतला पीएसए या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे ती घेत असल्याचे तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, आणि गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

केशरोपणात मागच्या बाजूची ती दाद न देणारी मुळेच पुढे लावली जातात आणि नव्या जागीही ती आपला स्वभाव सोडत नाहीत. मात्र भोवतालचे मूळचे केस बारीक होतच राहतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही औषधे सहसा चालूच ठेवावी लागतात. विशीत घाईने केशरोपण करू पाहणाऱ्यांना मी थांबायला सांगेन, कारण मागचा साठा मर्यादित आहे आणि टक्कल पुढे किती पसरणार हे त्या वयात ठरलेले नसते.

दोन्ही औषधे बंद केली की मिळालेला फायदा काही महिन्यांत, फार तर वर्षभरात ओसरतो. आरशात रोज पाहून काही कळत नाही, म्हणून मी दर तीन महिन्यांनी त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा फोटो काढतो. पहिल्या आणि कालच्या फोटोत कपाळाचे कोपरे तेवढेच मागे आहेत. भोवऱ्याजवळची कातडी मात्र पूर्वीइतकी दिसत नाही.