गॅलरीतली काळी रेघ

"अगं, ही शाई कुठून सांडली?" सासूबाईंनी ग्रिलवरचं ओलं कापड उचलून विचारलं.

शाई नव्हतीच. रात्रभर हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड सकाळी परळच्या आमच्या गॅलरीत वाळत टाकलं होतं. छान फिकट पिवळं झालेलं. जिथे गंजलेली सळई टेकली, तिथे बरोब्बर सळईएवढी काळी रेघ.

रंग पक्का करणारी तुरटी रेशीम, लोकर सहज धरतात. सुताला आधी हिरडा पाजावा लागतो, मग तुरटी (किलोभर कापडाला मी दीड-दोनशे ग्रॅम घेते), तेव्हा कुठे मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग टिकतो. पण हिरड्याला लोखंड भेटलं की काळं. धुऊनही जात नाही.

तीन दिवसांची मेहनत होती. रडूच आलं.

सासूबाई मात्र त्या रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. "माझे आजोबा हिरडा नि हिराकस घालून शाई करायचे. बोरूने लिहायचे. अगदी हाच रंग गं." हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार.

लग्नाला बारा वर्षं झाली. हे आजोबा मला आज पहिल्यांदा भेटले.

रेघ तशीच ठेवून उद्या कापड मंजिष्ठेत घालणार आहे. तुमच्याकडे खोकल्याखेरीज हिरडा कशाकशाला वापरायचे? घरातल्या मोठ्यांना विचाराल का?