एका आकड्यासाठी अडलेला ऑइल पंप

माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं दीड लिटरचं इंजिन रेसिंग ट्रॅकसाठी बांधायला घेतलं होतं. हेड, पिस्टन, रिंगा पटापट झालं. अडलं ते ऑइल पंपावर.

ज्याला विचारावं तो म्हणे, "हाय व्हॉल्यूम (जादा तेल फेकणारा) टाका, टेन्शनच नको." पण जादा तेल लागतं ते बेअरिंगची फट मोठी ठेवली तर. फट मूळचीच असेल तर ते तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणारी झडप) परत फिरतं, ताकद खाऊन वर तापतं. म्हणजे आधी मेन बेअरिंगचा (इंजिनचा मुख्य दांडा, क्रँक, ज्यांत फिरतो ती) क्लिअरन्स, म्हणजे हीच फट, मोजून हवी.

त्यासाठी रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपला ब्लॉक आणि क्रँक टाकला. "सोमवारी या साहेब." सोमवारी बोअर गेज दुसरीकडे गेलेलं. गुरुवारी मोजणारे मिस्त्री गावी. पुढच्या आठवड्यात हाफ डे टाकून ठाण्याहून लोकलने गेलो, तर ब्लॉक ग्राइंडरशेजारी उघडाच पडलेला, ऑइल गॅलरीच्या (ब्लॉकमधली तेलाची वाट) तोंडाशी भुकटी! जीव कळवळला. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, "स्टँडर्डच आहे, बिनधास्त लावा." माप किती, विचारलं तर कुणी घेतलंच नव्हतं. सामान उचललं आणि वागळे इस्टेटला नेलं. तिथल्या मिस्त्रींनी माझ्यासमोर बेअरिंगच्या कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळून तासाभरात मोजलं: पाचही जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दीड थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे फट मूळचीच.

मग निर्णय सोपा होता. पंप मूळ क्षमतेचाच, फक्त आतले रोटर (तेल ढकलणारी फिरती चाकं) बिलेट स्टीलचे, म्हणजे अखंड ठोकळ्यातून कापलेले. या इंजिनात पंप थेट क्रँकवर फिरतो. मूळ रोटर धातूची पावडर दाबून केलेले, वरच्या आरपीएमला क्रँकच्या कंपनाने तडकू शकतात.

बसवण्याआधी रोटरमध्ये तेल भरा, कोरडा पंप तेल ओढत नाही. पंपाची तेल ओढणारी जाळी आणि खालच्या ऑइल चेंबरचा तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर हवं; मी शाडूची गोळी ठेवून तपासलं. गॅलरी मात्र प्लग काढून दोनदा धुवावी लागली.

गरम तेलावर 3000 आरपीएमला 58 पीएसआय दाब मिळाला, मॅन्युअल किमान 50 मागतं. गेज बघून पहिल्यांदा शांत झोपलो.

आणि हो, जॉब टाकतानाच पावतीवर 'पाचही मेनचं माप लिहून देणे' असं लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'ब्लॉक 1, क्रँक 1' होतं.