एका सूत्राला इतके दिवस का, तर…

‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. एका ओळीचं तर सूत्र आहे मॅडम, त्यावर इतके दिवस कशाला?’

मी भौतिकशास्त्राचा क्लास घेते, आणि दरवर्षी जून-जुलैत पालकांकडून हा प्रश्न येतो. कधी जिन्यात, कधी भाजीवाल्यापाशी, कधी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर. नववीचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. मी अजून त्यातच असते आणि दुसऱ्या क्लासची मुलं कार्य आणि ऊर्जा संपवून धाराविद्युतवर पोचलेली असतात. दरवेळी मी ‘पाया पक्का करतेय’ असं काहीतरी बोलून विषय मिटवते. ते उत्तर मलाच पटत नाही, म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

मुलं माझ्याकडे कोरी पाटी घेऊन येत नाहीत. ‘जेवढा जोर तेवढा वेग’ हा नियम ती डोक्यात घेऊनच येतात, आणि तो त्यांना कुणी शिकवलेला नसतो, रोजच्या अनुभवातून आलेला असतो. पुण्यात कर्वे रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडला की स्कूटर मंदावते, म्हणजे वेग टिकवायला जोर लागतो, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं? ताशी चाळीसच्या एकसारख्या वेगानं जाणाऱ्या स्कूटरवरचं निव्वळ बल शून्य असतं. इंजिनाचा सगळा जोर घर्षण आणि हवेचा विरोध फेडण्यात जातो. हे ऐकल्यावर वर्गातली निम्मी मुलं मान डोलावतात आणि एकालाही पटलेलं नसतं. चेहऱ्यावर दिसतं ते. अशा वेळी फळ्यावर सूत्र लिहिलं तर ती ते पाठ करतील, गणितंही सोडवतील. डोक्यातला जुना नियम मात्र जागच्या जागी राहील.

म्हणून मी त्यांना खाली पार्किंगमध्ये नेते. फळीला बेअरिंगची चाकं लावलेली गाडी, तिच्यावर विटा, सगळं मिळून दहा किलो. पुढे दोरी, दोरीला ताणकाटा, म्हणजे ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा. अट एकच: काटा दोन किलोवरून हलता कामा नये. म्हणजे साधारण वीस न्यूटनचं बल (न्यूटन हे बल मोजायचं एकक). पहिला मुलगा ओढायला लागतो, दोन पावलांत काटा एकावर येतो. ‘अरे, कमी झालं!’ सगळे ओरडतात. तो वेग वाढवतो, काटा दोनवर येतो, पुन्हा घसरतो. आणखी वेग. काटा दोनवर धरायचा तर क्षणाक्षणाला जास्त जोरात पळावं लागतं, हे त्याला तिथं पायांनी कळतं. घर्षण बाजूला ठेवलं तर दहा किलोला वीस न्यूटन म्हणजे दर सेकंदाला वेगात दोन मीटर प्रति सेकंदाची भर, हेच त्वरण. तिसऱ्या सेकंदाला वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे, आणि समोर भिंत. मग विटा काढून गाडीवर एखाद्या मुलाला बसवते, सगळं मिळून पन्नास किलो. काटा तोच, दोनवर. आता तीन सेकंदांनंतरही चालण्याचाच वेग असतो. बल तेच, वस्तुमान पाचपट, त्वरण एक पंचमांश. मी एक अक्षरही फळ्यावर लिहिलेलं नसतं.

याला वेळ लागतो. आणि का लागू नये? चालत्या वस्तूला कुणीतरी सतत ढकलत असावं लागतं, हा ॲरिस्टॉटलचा समज जवळजवळ दोन हजार वर्षं टिकला. उतारावरून गोळे सोडून गॅलिलिओनं तो खिळखिळा केला, त्याचं पुस्तक १६३८चं. न्यूटनचा ग्रंथ १६८७चा, आणि त्यातसुद्धा दुसरा नियम तुमच्या एका ओळीच्या रूपात नाही. गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो, असं त्यानं शब्दांत मांडलं. तिन्ही दिशांची समीकरणं करून कुठल्याही वस्तूला लावता येईल असं रूप त्याला ऑयलर या गणितज्ञानं दिलं, १७५०च्या सुमारास. गॅलिलिओपासून ऑयलरपर्यंत शंभराहून जास्त वर्षं गेली. चौदा वर्षांच्या मुलांना मी काही आठवडे देते, तर ते तुम्हाला जड होतात.

आता खरं कारण. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. अबोल, पण पटल्याशिवाय वहीत उतरवून न घेणारी. तिच्या शाळेच्या घटक चाचणीत प्रश्न आला: २०० ग्रॅमचा चेंडू सरळ वर फेकला, सर्वोच्च बिंदूवर असताना त्यावर किती बल असेल? तिनं लिहिलं, सुमारे दोन न्यूटन, पृथ्वीच्या ओढीचं, खालच्या दिशेनं. आणि आपण होऊन पुढे लिहिलं: ‘त्या क्षणी वेग शून्य असला तरी बल शून्य नाही. बल शून्य असतं तर त्वरण शून्य झालं असतं, वेग शून्यच राहिला असता, आणि चेंडू वरच थांबला असता.’

इतकं स्वच्छ वाक्य मी स्वतः वर्गात बोलले नव्हते. त्याच्यावर लाल रेघ होती, बाजूला मोठं शून्य, आणि खाली ‘योग्य उत्तर: बल शून्य’.

तिचे वडील शाळेत जाऊन आले. आदर्श उत्तरात असंच आहे, असं सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं. संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, ‘मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण मार्क त्यांच्या हातात आहेत ना.’ ती पेपर घडी करत होती, उलगडत होती. मग तिनं विचारलं, ‘मॅडम, पुढच्या वेळी शून्य लिहू का?’

मी ताबडतोब म्हणाले, ‘नाही. खरं आहे तेच लिहायचं.’

पुढच्या महिन्यापासून ती आली नाही. फी पूर्ण भरलेली होती, भांडण काहीच नव्हतं. तिला दुसरीकडे घातल्याचं कळलं, जिथं सूत्र आधी मिळतं.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून वाद घालते. ती तेव्हाची मी म्हणते, दुसरं काय सांगणार होतीस, भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेनं मुलीला खोटं लिहायला सांगायचं? बरोबर आहे तिचं. पण टक्के त्या मुलीचे जात होते, माझे नव्हते, आणि ‘खरं तेच लिही’ म्हणायला मला काही मोजावं लागलं नाही, हेही तितकंच बरोबर आहे. कधी वाटतं, ‘पेपरात शून्य लिही, मनात दोन न्यूटन ठेव’ असं सांगितलं असतं तर ती टिकली असती. मग वाटतं, मनातले दोन न्यूटन तरी टिकले असते का? आजही कुणी तोच प्रश्न विचारला तर मी तेच उत्तर देईन, फक्त इतक्या पटकन देणार नाही.

‘पण रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?’ असंही विचारता. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तुम्हाला माहीत आहे, तिथले अपघातही. ताशी साठनं येणारी गाडी सपाट रस्त्यावर पन्नास मीटरमध्ये थांबवायची, तर वेग दर सेकंदाला साधारण २.८ मीटर प्रति सेकंदानं उतरला पाहिजे. दोघं बसलेली स्कूटर अडीचशे किलोची, तिला त्यासाठी सातशे न्यूटन पुरतात. चाळीस टनांच्या ट्रकला लागतात एक लाख अकरा हजार. उतारावर त्याहून जास्त, आणि ब्रेक तापले की तेवढे मिळतच नाहीत. अठराव्या वर्षी लायसन्स घेऊन अशा ट्रकच्या पुढ्यात स्कूटर घालणाऱ्या मुलाला हे आकडे ठाऊक असावेत, असं मला मनापासून वाटतं. सूत्र त्यालाही पाठ असतंच.

तर यंदाही गाडी आधी आणि सूत्र नंतर. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी प्रवेशाच्या वेळीच सांगा, दुसऱ्या चांगल्या क्लासचा नंबर मी स्वतः देईन. एक बदल केलाय. चेंडूचा प्रश्न आता पहिल्याच आठवड्यात घेते आणि त्या दिवशी पालकांनाही बोलावते. या. चेंडू तुमच्या हातात देईन, वर फेकायला सांगेन, आणि अगदी वर असताना त्यावर किती बल आहे ते तुमच्या मुलांसमोर तुम्हालाच विचारेन. आणि शाळेच्या पेपरात काय लिहायचं, तेही त्याच वेळी तुम्हीच त्यांना सांगा.